कोरडं राहिलेलं बोट

बायको गेल्याचं त्याला कळलं तेव्हा त्याचे दोन्ही हात रंगात होते, म्हणून फोन मालकांनी त्याच्या कानाशी धरला. दुकानाच्या मागच्या अंगाला, डब्यांच्या चळतींमध्ये एवढीशी जागा मोकळी ठेवलेली होती. तिथं बसून तो शेड जुळवायचा. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा टवका आणी, दाराची ढलपी आणी, आणि तो पांढऱ्या बेसमध्ये थेंब थेंब रंग सोडून त्या तुकड्याशी हुबेहूब जुळेल असा रंग करून देई. दुकानात मशीन आलं होतं, पण वर्षानुवर्षं उन्हात विटलेल्या रंगापुढं मशीन हात टेकायचं आणि मग याला हाक पडायची. त्या दिवशी कुठल्याशा शाळेच्या दारांचा रंग होता. राखाडी म्हणावा तर हिरवट, हिरवा म्हणावा तर राखाडी. समोर स्टुलावर रंगकामाचा ठेकेदार बसला होता. कुठलीही भिंत दाखवा, हा मान हलवून म्हणणार, ‘दुसरा हात मारावा लागतोय.’ त्यामुळं बाजारात त्याचं नावच ‘दुसरा हात’ पडलं होतं.

‘पिवळा कमी पडतोय,’ दुसरा हात म्हणाला.

‘वाळू दे. ओला रंग खोटं बोलतो.’

नेहमीसारखी त्यानं उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाच्या कडेला काडीनं एक रेघ ओढली. ही त्याची स्वतःची पद्धत होती. कागदावर रंग वाळायला वेळ घेतो, बोटावर अंगाच्या उबेनं लवकर वाळतो, आणि बोट हवं तसं फिरवून तुकड्याला लावून बघता येतं. तो बोटावर फुंकर घालत होता तेवढ्यात मालक फोन घेऊन आले. फोनवर आधी शेजारच्या भाभी होत्या. त्या ‘घरी या, घरी या’ एवढंच म्हणत राहिल्या. मग त्यांच्या नवऱ्यानं फोन घेतला आणि नीट सांगितलं. मुलींना शिकवता शिकवता भिंतीला टेकल्या, पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर येऊन बघून गेले. ‘हो,’ तो म्हणाला. मग ठेकेदाराकडे बघून म्हणाला, ‘पिवळा नको. काळा टाकतो थेंबभर.’ आणि टाकला, आणि ढवळला. फोन बंद झाला तरी मालक तो तसाच त्याच्या कानाशी धरून उभे होते. शेड जुळली. अशी जुळली की त्या रंगाच्या फळीवर ढलपी ठेवली असती तर सापडली नसती. इतकी चांगली शेड त्याच्या हातून कितीतरी दिवसांत जुळली नव्हती.

दुसऱ्या हातानंच त्याला स्कूटरवर घरी सोडलं. त्यानं चिंधीला हात पुसले होते, पण ठेकेदाराच्या पांढऱ्या शर्टाला रंग लागू नये म्हणून तो सगळ्या रस्ताभर हात दोन्ही बाजूंना हवेत धरून बसला. लोक बघत होते. सिग्नलला थांबल्यावर ठेकेदार मागे न वळता म्हणाला, ‘अरे, धर की मला. शर्ट गेला खड्ड्यात.’ त्यानं धरलं नाही. वाऱ्यानं हात गार पडत होते आणि बोटाच्या कडेला काहीतरी ताणल्यासारखं होत होतं, हे त्याला तेव्हा जाणवलंही होतं. नंतर, सगळं होऊन गेल्यावर, ते ताणणं त्याला पुन्हापुन्हा आठवलं. तेव्हा मात्र तो फक्त एवढाच विचार करत होता, की आपण घरी गेल्यावर तिला हे कसं सांगावं.

घराबाहेर मुलींच्या चपला होत्या. तिच्याकडे आसपासच्या मुली कुराण वाचायला शिकत. त्या भेदरून अनवाणीच पळाल्या होत्या आणि चपला उंबऱ्याशी उलट्यासुलट्या पडल्या होत्या. आत बायका होत्या. त्याला तिचं तोंड दाखवलं. ती रागावल्यासारखी दिसत होती, म्हणजे खोटं खोटं रागावताना दिसायची तशी. येणारा प्रत्येक जण दारात तेच एक वाक्य म्हणत होता, आपण सगळे त्याचेच आहोत आणि त्याच्याकडेच परत जायचं आहे या अर्थाचं. मरणाची बातमी ऐकली की ते म्हणायचं असतं. त्यानंही म्हटलं असावं. मग बायकांनी तिला अंघोळ घालायला घेतलं आणि तो बाहेर उभा राहिला. बादलीत मग बुडवल्याचा आवाज येई, मग फरशीवर पाणी सांडल्याचा, मग मोरीत गळगळ. कोणी पाण्याला एवढं जपतं का, असं त्याला वाटलं; इतकं हळू ओतत होत्या. तो आवाज ऐकताना त्याला झोप येत होती. याची त्याला लाज वाटली, पण येत होती.

मशिदीत वजू करताना मेव्हण्यानं त्याचा दंड धरला होता. नमाजेआधी हात, तोंड, पाय धुवायचे, पाणी कातडीला लागलंच पाहिजे. हे पाच वेळांचं काम त्याचे हात आपोआप करत. नळाला गर्दी होती. पाठीमागून कोणीतरी ‘चला, चला, सूर्य खाली चाललाय’ म्हणालं. पाणी हातावरून कोपरापर्यंत गेलं, गार होतं, एवढंच त्याला कळलं. मग रांगा लागल्या, पुढं ती होती, तिच्या मागं इमाम, आणि इमामाच्या मागं पहिल्या रांगेत तो. ही नमाज उभ्या उभ्याच असते, वाकणं नाही, बसणं नाही, लवकर संपते. ती इतकी लवकर संपली की त्याला वाटलं अजून व्हायची आहे.

कबरस्तानात माती टाकायची वेळ आली. पहिली ओंजळ त्यानं टाकली. दुसरी भरली तेव्हा ओल्या मातीत त्याचं बोट त्याला दिसलं. बोटाच्या कडेला नखापासून पेरापर्यंत तो हिरवट राखाडी पट्टा जसाच्या तसा होता. पूर्ण वाळलेला, चकचकीत. त्यानं माती खाली सोडून दिली आणि डाव्या हाताच्या नखानं पट्ट्याची कड उचलली. अख्खा पापुद्रा एकसंध सुटून आला. खालची कातडी पांढरी होती, बाकीच्या हाताहून वेगळी, आणि कोरडी. पाणी तिथं लागलंच नव्हतं. म्हणजे वजू झाला नव्हता. म्हणजे नमाज झाली नव्हती. तो मटकन खाली बसला. लोकांना वाटलं, आता कुठं बांध फुटला, बरं झालं. मेव्हणा खाली वाकला.

‘माझा वजू नव्हता,’ तो म्हणाला.

‘हो, हो,’ मेव्हणा म्हणाला. ‘उठा भावोजी. रडून घ्या, पण उठा.’

‘अरे, मी तिची नमाज पढलोच नाही.’

‘हो, हो.’

लग्न झालं तेव्हापासून त्याचे हात तीच बघत आली होती. अगदी सुरुवातीला, नव्या नवरीनं लाजत लाजत विचारलं होतं, ‘अहो, हे असंच ठेवून नमाजेला जाता?’ त्याला तोवर कोणी असं विचारलंच नव्हतं. वडील वारलेले, आईला डोळ्यांनी दिसत नसे, आणि रंगाच्या दुकानात सगळ्यांचेच हात तसले. तिनं चिंधीला टर्पेंटाइन लावून त्याची दहाही बोटं साफ केली होती, काडेपेटीतल्या काडीनं नखांच्या कोपऱ्यातला रंग काढला होता. तेव्हापासून तो रोजचा रिवाजच झाला. दुकानातून आला की तो दारातच हात पुढं करी आणि ती म्हणे, ‘दाखवा.’ नंतर नंतर चष्मा लावून बघायची. दुपारच्या नमाजेसाठी दुकानात तो स्वतः घासायचा, पण तेही सकाळी निघताना ती बजावायची म्हणून. भांडण झालं असलं, अबोला असला, तरी हात दाखवणं चुकत नसे. एकदा अबोल्यात तिनं नुसतंच बोट धरून उजेडाकडे वळवलं होतं आणि तो हसला होता, आणि अबोला तिथंच मोडला होता. हात तपासणं हे त्यानं कधी आपलं काम मानलंच नव्हतं. जसं आपली पाठ आपण बघत नाही. आणि त्या एका दिवशी, ज्या दिवशी ते सगळ्यात जास्त लागणार होतं, बघणारी पुढं पांढऱ्या कपड्यात बांधलेली पडली होती आणि हा तिच्याचसाठी हात बांधून उभा होता.

त्याची मुलगी परगावाहून दुसऱ्या दिवशी पोचली. ती रडली, तिनं स्वयंपाकघर आवरलं, आईचे कपडे घड्या करून ठेवले, पुन्हा रडली. संध्याकाळी तो नमाजेला निघाला आणि दाराशी आला तसे त्याचे हात आपसूक पुढं झाले. समोर मुलगी होती. तिनं बापाचे पुढं आलेले हात बघितले, स्वतःच्या दोन्ही हातांत घेतले, कपाळाला लावले आणि हुंदके देऊन रडायला लागली. ‘मी आहे ना अब्बा,’ ती म्हणाली. तो ‘हो’ म्हणाला. हात कसे सोडवून घ्यावेत हे त्याला कळेना. तिच्या डोक्यावरून तो आपल्या बोटाकडे बघत राहिला. कोपऱ्यात काळं दिसत होतं, रंग होता की सावली होती कोण जाणे.

रात्रीच्या जेवणाला त्यानं तिला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘अब्बा, अम्मीला याचा काहीच फरक पडत नाही.’

‘मला पडतो.’

‘अम्मी काय म्हणाली असती सांगू? ती हसली असती. म्हणाली असती, बघा, एक दिवस माझं लक्ष नाही तर केलंत ना घोटाळा.’

ती खरोखर तसंच म्हणाली असती. मुलीनं आवाजही हुबेहूब काढला होता. त्याला एकदम इतकं बरं वाटलं, आणि लगेच इतकं वाईट, की त्यानं ताट बाजूला सारलं.

शेवटी तो इमामाकडे गेला. इमाम तरुण होता, मुलासारखा, आणि वजूच्या जागेचा गळका नळ खोलून बसला होता. ‘चाचा, बरं झालं आलात. एवढा पाना धरा,’ तो म्हणाला. त्यानं पाना धरला आणि धरल्या धरल्याच सगळं सांगितलं. इमामानं नळाचं काम थांबवलं.

‘तुमचा धंदाच रंगाचा. घासूनही जे उरतं ते माफ असतं, चाचा.’

‘घासलंच नव्हतं.’

‘विसरलात. माणूस आहे. अशा वेळी विसरतो.’

‘विसरलो म्हणजे, मला लक्षात ठेवावंच लागत नव्हतं. ती ठेवायची.’

इमामानं ओले हात पुसले. मग समजावून सांगावं तसं म्हणाला, ‘ही नमाज सगळ्यांवर मिळून असते. काहींनी पढली की सगळ्यांची उतरली. रांगेत एवढी माणसं होती. तिचा हक्क तिला पोचला, त्यात तसूभर कमी नाही. आणि तुमच्यावरही काही बाकी नाही.’

‘असं कसं? एकानं औषध घेतलं तर दुसऱ्याचा ताप उतरतो?’

इमामाला हसू आलं आणि मग हसल्याचा संकोच वाटला. ‘ताप वेगळा, चाचा.’

‘परत पढता येते का?’

‘आमच्या मतानं एकदा झाली की परत नाही. पण ज्याची राहिली त्यानं कबरीवर जाऊन पढली तर चालते, असंही मोठमोठ्या लोकांचं मत आहे. मी तुम्हाला पढा म्हणू शकत नाही. अडवणारही नाही. तुम्ही आपली दुआ करा. दुआला वजू लागत नाही.’ मग त्यानं नळाकडे बघितलं. ‘पाना जरा वर धरा. हां.’

दुआ करा. घरी आल्यावर तो जाजमावर बसला आणि त्यानं हात पसरले. मागायचं काय ते त्याला ठाऊक होतं. कोणाकडे मागायचं तिथं तो अडला. आयुष्यात आजवर जिथं जिथं त्याच्यावर अन्याय झाला तिथं वर कोणीतरी होतं. मालकांचा भाऊ एकदा त्याला सगळ्यांसमोर टाकून बोलला तर तो मालकांकडे गेला होता. दवाखान्यात धाकटा डॉक्टर ऐकेना तर त्यानं मोठ्याला गाठलं होतं. ज्यानं मारलं त्याची तक्रार दुसऱ्याकडे करायची, ही जगाची रीत. इथं देणारा तोच, नेणारा तोच, आणि नेलं म्हणून ज्याच्यापुढं रडायचं तोही तोच. तो एकच आहे, त्याला जोड नाही, भागीदार नाही, हे लहानपणापासून पाच वेळा म्हणत आलेला माणूस तो. पण त्याचा अर्थ असा आहे, की आपल्याला दुसरीकडे जायला जागाच नाही, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. तिला सुचलं होतं, पण उलट्या बाजूनं. ती मुलींना सांगायची, आणि तो बाहेरच्या खोलीत चहा पीत ऐकायचा, ‘दुसरा कोणी नाही हे किती सोपं आहे बघा गं. दहा जणांची मर्जी सांभाळायला नको. एकाचंच ऐकायचं, एकालाच सांगायचं.’ सांगायचं खरं. त्यानं हात पसरले होते तसे मिटले आणि मांडीवर ठेवून बसून राहिला.

तिला असलं बोलण्याचा नाद होता. सगळं मिळून एकच आहे असं नव्हे, हे ती दरवेळी नीट फोड करून सांगे. करणारा आणि केलेलं यांची गल्लत करायची नाही. पण केलेलं सगळं एकाच हातचं आहे, म्हणून ते एकमेकांचं नातेवाईक आहे. दगड, मुंगी, झाड, आपण, सगळे आपापल्या भाषेत त्याचंच नाव घेतात, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. ‘तुमचे डबेसुद्धा घेतात,’ ती त्याला म्हणायची. ‘तुम्ही झाकण ठोकून बसवता म्हणून आवाज येत नाही.’ एकदा तिच्या हट्टापायी त्यानं तिला दुकानात नेऊन शेड कशी करतात ते दाखवलं होतं. बेस पांढरा, त्यातूनच शाळेचं दार, त्यातूनच दवाखान्याची भिंत, त्यातूनच कोणाच्या पाळण्याचा गुलाबी. ती लहान मुलीसारखी बघत राहिली. घरी येताना म्हणाली, ‘अहो, तुम्ही रोज हेच करता आणि तुम्हाला पत्ता नाही.’

‘काय करतो?’

‘एकातून सगळं.’

‘मी पोट भरतो,’ तो म्हणाला होता. मग तिला चिडवायला म्हणून पुढं म्हणाला, ‘आणि तुझं ते सगळं त्याच्याकडे परत जाण्याचं काही माझ्या धंद्यात बसत नाही. पांढऱ्यात काळ्याचा एक थेंब पडला की संपलं. तो काळा परत काढून दाखव.’

ती पदर सावरून रस्त्यानं चालत राहिली. घर जवळ आल्यावर म्हणाली, ‘तुमच्या धंद्यात नसेल.’ एवढंच. तो जिंकल्याच्या आनंदात होता. आता त्याला वाटे, तेव्हा हरायला हवं होतं. तिला विचारायला हवं होतं, की मग कोणाच्या धंद्यात बसतं, आणि कसं. आणि जो परत जातो तो तिथं गेल्यावर ओळखू येतो का, की बेसमध्ये बेस मिसळावा तसा विरून जातो. कारण त्याला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटत होती. सगळे एकाच हातचे असतील तर एकाच्या जागी दुसरं बसायला हवं. शेजारच्या भाभी चांगल्या होत्या, डबा पाठवत. मुलगी आईच्या आवाजात बोलत होती. शिकायला येणाऱ्या मुलींपैकी एक रस्त्यात भेटली तर तिनं खाली बघून सलाम केला, थेट बायकोच्या पद्धतीनं, उजवा खांदा जरा पुढं घेऊन. जगात सगळं होतं, आणि ते एकमेकांचं नात्यातलंही असेल. पण त्यातलं काहीही आणून तिच्या जागेवर ठेवलं तर वेगळं कळत होतं. कुठलीही ढलपी आणा, मी जुळवून देतो, असं तो उभ्या बाजाराला छाती ठोकून सांगायचा. आता त्याला तसं सांगवत नव्हतं.

मेव्हणा चहाला आला तेव्हा चिडलाच. ‘भावोजी, उगाच कीस पाडताय. इमामसाहेबांनी झाली म्हटलं ना? मग झाली. माझी बहीण होती ती. मला नाही का काळजी?’

‘तुझी झाली. तुझे हात स्वच्छ होते.’

‘मी ड्रायव्हर माणूस. माझ्या हाताला काय अत्तर असतं?’

‘ग्रीस निघतं. तू घासतोस.’

‘मग तुम्ही जा आणि पढून या एकदाची कबरीवर. कोण अडवतंय? पण हे बंद करा. ताई असती तर तिनं कानफटात दिली असती.’

ताई कोणाच्याच कानफटात देणारी नव्हती. पण जा म्हटलं ते त्याच्या डोक्यात राहिलं. मुलगी परत गेली होती. जाताना ‘दुकानात जायला लागा अब्बा’ म्हणून सांगून गेली. तो दुकानात जायला लागला. मालकांनी त्याला मशीनवर बसवलं, बोटाला रंग लागणार नाही असं काम दिलं, काही न विचारता. आणि एका सुट्टीच्या दिवशी त्यानं ठरवलं.

जेवण झाल्यावर त्यानं मोरीत बसून हात धुवायला घेतले. आधी थिनर. मग साबण. बोटावर रंग नव्हताच, पण नसल्याची खात्री कशी करायची हे त्याला कळेना. उजेडाकडे बोट धरलं तर नखाच्या कोपऱ्यात काहीतरी दिसे. घासलं की जाई. पुन्हा धरलं की दिसे. तिचा चष्मा त्यानं लावून बघितला, त्यात तर सगळंच मोठं आणि धुरकट दिसलं. मग त्यानं दुकानातून आणलेला पॉलिश पेपर घेतला, लाकूड गुळगुळीत करायचा, आणि त्याचा तुकडा दुमडून बोटाच्या कडेनं, नखाच्या मुळाशी, पेराच्या रेषेत, सावकाश, ती करायची तशा धीरानं घासत राहिला. याच बोटानं नमाजेत देणारा-नेणारा तो एकच असल्याची साक्ष द्यायची असते, ते एक बोट वर उचलून. साक्षीला उभं करायचं बोट स्वच्छ नको का? त्याला दुखत नव्हतं. उलट कितीतरी दिवसांनी काहीतरी नीट करत असल्यासारखं वाटत होतं.

कबरस्तानाच्या नळावर त्यानं पुन्हा वजू केला, प्रत्येक बोट वेगळं धरून, पाणी लागतंय ना ते बघत. ती आतल्या भिंतीपाशी होती. माती थोडी बसली होती आणि तिच्यावर गवताची पाती आली होती. शेजारी नवी कबर झाली होती, ती आधी नव्हती. मुंग्यांची एक रांग तिच्या कबरीवरून त्या नव्या कबरीवर चालली होती, वाटेत कोणाची कुठं संपते आणि कोणाची कुठं सुरू होते याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी. तो बघत उभा राहिला. मुंगीला वजू लागत नाही. गवताला लागत नाही. ती सांगायची ते खरं असेल, तर हे सगळं आत्ता, या घटकेला, आपापलं म्हणत होतं. मातीही म्हणत होती, मातीखाली तीही म्हणत असेल. आणि या सगळ्यात एकट्या त्याचंच तोंड बंद होतं. नमाज सुरू करायला त्यानं हात कानांपर्यंत नेण्यासाठी उचलले. तेव्हा त्याला मनगटावर ओलं लागलं. वजूचं पाणी असेल म्हणून त्यानं बघितलं तर रक्त होतं. घासून घासून बोटाच्या कडेची कातडी निघाली होती आणि तिथून बारीक धार ओघळत होती. रक्त वाहिलं की वजू जातो.

तो नळावर परत गेला. धुतलं, दाबून धरलं, थांबलं. पुन्हा वजू केला. पाणी लागताच जखम पुन्हा उघडली. त्यानं बोट तोंडात धरलं, मग तोंडात रक्त गेलं म्हणून चूळ भरली, मग रुमाल गुंडाळला, मग रुमालाखाली पाणी कसं जाणार म्हणून सोडला. राखणदार लांबून बघत होता. तो पाय ओढत जवळ आला.

‘चाचा, काय लागलं?’

‘काही नाही. थांबेल.’

‘चुना लावू का?’

‘नको, नको. त्याचा थर बसेल.’

राखणदाराला त्यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, ‘गेट लावायचंय मला. सूर्य टेकला बघा.’ सूर्य खरोखरच टेकला होता, आणि सूर्य बुडत असताना ती नमाज पढत नाहीत. दुपारी निघाला होता तो.

‘माझं व्हायचंय अजून,’ तो म्हणाला.

‘उद्या या की. कबर कुठं जाते?’ राखणदार म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं लगेच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गेटापर्यंत ठेवूनच चालत आला.

बोटावर खपली धरली. ती पडेपर्यंत पाणी खाली पोचतं की नाही याची त्याला खात्री नव्हती, म्हणून तो गेला नाही. खपली पडल्यावर एकदा गेला तर कोणाचं तरी दफन चाललेलं होतं, खूप माणसं होती, त्यांच्यात तो उभा राहिला आणि त्या अनोळखी माणसाला माती देऊन परत आला. नंतर दुकानात शाळेचं काम पुन्हा निघालं. दुसरा हात म्हणाला, दारांना दुसरा हात मारावा लागतोय, आणि तीच शेड पाहिजे. मशीनला ती येईना. मालकांनी त्याच्याकडे बघितलं. तो मागे जाऊन बसला आणि त्यानं ती करून दिली, कागदावर वाळवून, वेळ लागला तरी. रोजच्या पाच नमाजा तो पढतो. हात घासतो, पण जपून. रोजच्या नमाजेचा वजू त्याला झाला असं वाटतं; फक्त त्या एका नमाजेसाठी हात उचलायचे म्हटलं की ते स्वच्छ आहेत असं सांगणारं कोणी नसतं, आणि आपलं आपल्याला सांगता येत नाही. बायकोच्या जनाज्याची नमाज त्याची अजून पढायची राहिली आहे.